बाळ वळत वळत बाहेर येते: नैसर्गिक प्रसूतीतील बाळाचा मार्ग आणि त्याला वाट करून देण्याची रीत

बांगड्या भरणारा कासार तुम्ही जवळून पाहिला असेल, तर नैसर्गिक प्रसूतीची निम्मी गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक आहे. बांगडी हाताच्या सर्वांत रुंद भागापेक्षा लहान असते, तरीही ती चढते, कारण कासार ती सरळ रेटत नाही. तो अंगठा तळव्याच्या आत घ्यायला लावतो, बोटांची मुळे दाबून एकमेकांजवळ आणतो, बांगडी किंचित तिरकी धरून फिरवतो आणि पुन्हा पुन्हा एवढेच सांगतो, "ताई, हात सैल सोडा." बाळाचे डोके आईच्या कमरेच्या हाडांतून असेच येते. हनुवटी छातीला टेकलेली असते, कवटीची हाडे जराशी एकमेकांवर चढलेली असतात आणि वाटेत ते ठरावीक ठिकाणी वळते.

बहुतेक घरांत मात्र बाळंतपणाची कल्पना सरळ नळीची असते. वरून जोर लावला की खालून बाळ येते, अशी समजूत असल्यामुळे कळा सुरू झाल्यापासून बरोबरच्या बायका "जोर लाव" म्हणू लागतात. प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम करताना आणि पुढे परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवताना मला वारंवार जाणवले, की जिला बाळ या क्षणी कुठे असेल आणि आता काय करीत असेल हे समजलेले असते, तिला कळा तेवढ्याच दुखतात, पण ती गांगरत नाही. म्हणून हे लेखन गरोदर स्त्रीसाठी आहे, तसेच प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ थांबणाऱ्या आईसाठी, सासूसाठी, बहिणीसाठी आणि नवऱ्यासाठीही आहे.

येथे सांगितलेले सर्व दिवस भरलेल्या, एकट्या आणि डोके खाली असलेल्या बाळाविषयी आहे. बाळ पायाळू किंवा आडवे असेल, जुळे असेल, वार खाली असेल किंवा आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले असेल, तर त्याचा विचार डॉक्टरांनी वेगळा करावा लागतो. तेथे या सूचना जशाच्या तशा लागू करू नयेत.

वाटेचा आकार

कमरेचा हाडांचा सांगाडा, ज्याला कटिर किंवा रुग्णालयात सरसकट पेल्व्हिस म्हणतात, तो आतून सगळीकडे सारखा रुंद नसतो. शिकवताना वापरली जाणारी ढोबळ मापे लक्षात ठेवायला फार सोपी आहेत. वरच्या तोंडाशी, म्हणजे प्रवेशद्वारापाशी, ही वाट पुढून मागे ११ सेंटिमीटर, तिरकी १२ आणि आडवी १३ असते. मधल्या पोकळीत ती सर्व बाजूंनी सुमारे १२ असते. खालच्या तोंडाशी नेमके उलट होते: पुढून मागे १३, तिरकी १२ आणि आडवी ११. अर्थात वर वाट आडवी रुंद आहे आणि खाली ती उभी रुंद आहे. बाळाला वळावे लागते ते प्रथम या कारणासाठी.

दुसरे कारण वाटेचा बाक आहे. पुढची भिंत, म्हणजे ओटीपोटाच्या अगदी खाली पुढे हाताला लागणाऱ्या जघनाच्या हाडांचा सांधा, जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंच असतो. मागची भिंत त्रिकास्थी (कण्याच्या खालच्या टोकाचे तिकोनी हाड) आणि माकडहाड यांची मिळून बनते, ती सुमारे १२ सेंटिमीटर लांब असून आतल्या बाजूने खोलगट असते. पुढची भिंत आखूड आणि मागची लांब असल्यामुळे वाट पुढच्या बाजूस वळते. बाळ आधी खाली आणि मागे, आईच्या पाठीच्या दिशेने उतरते, आणि मग पुढे व वर येते. उताणी झोपलेल्या स्त्रीचे बाळ शेवटच्या टप्प्यात छताकडे चढत असते, ते या बाकामुळे.

यातली चांगली गोष्ट अशी, की हा सांगाडा दगडी नसतो. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे सांधे सैलावलेले असतात आणि माकडहाड डोक्याच्या दाबाने मागे सरकू शकते. मात्र त्यावरच वजन टाकून बसले किंवा उताणे पडून राहिले, तर त्याला सरकायला जागा मिळत नाही.

आता डोके. हनुवटी छातीला लागलेली असली, तर डोक्याचा पुढे येणारा व्यास सुमारे ९.५ सेंटिमीटर असतो. मान सरळ असली तर तोच ११.५ होतो, आणि मान मागे जाऊन कपाळ पुढे आले तर १३.५ च्या आसपास जातो. बाळ तेच, डोके तेच, पण मान किती वाकली आहे यावर ४ सेंटिमीटरांचा फरक पडतो. गळ्याला घट्ट स्वेटर घालताना आपण नाक वर करून तोंड घुसवत नाही, मान खाली घालून डोक्याचा मागचा भाग आधी घालतो. बाळही तेच करते.

घरी करून पाहण्याचा नमुना

हे कागदावर वाचून पुरतेपणी कळत नाही, हाताने करावे लागते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीने कापड, चामडे आणि कापूस भरून आईच्या कटिराची व बाळाची प्रतिकृती तयार केली होती, आणि १७५९ साली पंधराव्या लुई राजाची सनद मिळाल्यावर ती गावोगाव फिरून खेड्यातल्या बायकांना त्यावर प्रसूती शिकवीत असे. तिची एक प्रतिकृती रुआँ शहराच्या संग्रहालयात आजही आहे. आपल्याला एवढे शिवणकाम करण्याची गरज नाही.

खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचे तीन तुकडे घेऊन प्रत्येकात एकेक भोक कापावे. पहिले लंबगोल, १३ सेंटिमीटर आडवे आणि ११ सेंटिमीटर उभे. दुसरे गोल, १२ सेंटिमीटरचे. तिसरे पुन्हा लंबगोल, पण ११ आडवे आणि १३ उभे. तिन्ही पुठ्ठ्यांच्या एका कडेवर "पोट" आणि समोरच्या कडेवर "पाठ" असे लिहावे. मग ते एकामागे एक असे उभे करावेत, की "पोट" लिहिलेल्या कडा एकमेकींपासून दोन-दोन बोटांवर राहतील आणि "पाठ" लिहिलेल्या कडा चार-चार बोटांवर. पुठ्ठे हातपंख्यासारखे उघडलेले दिसतील आणि वाटेचा बाक डोळ्यांना आपोआप कळेल. बाळासाठी एक मोठा पायमोजा जुन्या सुती कापडाने असा भरावा, की डोके कपाळापासून मागपर्यंत ११.५ आणि कानापासून कानापर्यंत ९.५ सेंटिमीटर होईल. मान दोऱ्याने सैल बांधावी, खांदे कापडाच्या घडीने १२ सेंटिमीटर रुंद करावेत आणि पेनाने नाक-डोळे काढावेत.

आधी बाळाचे तोंड "पाठ" या कडेकडे ठेवून मान ताठ धरून पहिल्या भोकातून घालून पाहावे. ते अडते. तोंड कुशीकडे वळवले की जाते. तसेच आडव्या तोंडाने तिसऱ्या भोकाशी नेले, तर तेथे अडते. आता पाव वळण देऊन तोंड "पाठ" कडेकडे आणावे, की डोके सुटते, पण त्याच वेळी मागे खांदे पहिल्या भोकात अडलेले दिसतात. ते आडवे किंवा तिरके असतील तरच आत शिरतात. डोके एकीकडे पाहते आणि खांदे दुसरीकडे, अशी मानेला पडलेली पीळ येथे स्पष्ट दिसते. ही पीळ पुढे लक्षात ठेवावी लागेल.

माझ्या वर्गात हा खेळ संपेपर्यंत कोणी घड्याळाकडे पाहत नसे. एकदा एका विद्यार्थिनीने बाळ तिसऱ्या पुठ्ठ्यात अडकल्यावर रागाने ते मागून रेटले, आणि पुठ्ठा फाटला. तिने वर पाहिले, तेव्हा मला काही बोलावे लागले नाही.

बाळ खाली उतरते ते कसे

पहिलटकरणीच्या बाबतीत डोके बहुधा शेवटच्या काही आठवड्यांतच कटिरात शिरू लागते. पोट उतरते, श्वास मोकळा होतो, पण लघवीला सारखे जावे लागते. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीचे डोके पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच बसते. तेव्हा "डोके अजून फिक्स नाही" या एका वाक्याने नवव्या महिन्यात घाबरून जाण्याचे कारण नाही. तपासणारी व्यक्ती पोटावरून डोक्याचे पाच भाग मानते. त्यांपैकी दोन किंवा त्याहून कमी भाग हाताला लागले, म्हणजे डोके बसले असे समजतात. आतून तपासताना दोन्ही बाजूंनी वाटेत डोकावणारी हाडांची टोके हा शून्याचा टप्पा धरला जातो. डोके त्याच्या वर असेल तर उणे, खाली असेल तर अधिक. "हेड झिरोला आहे" असे परिचारिका म्हणाली, तर बाळाने वाटेचा निम्म्याहून अधिक कठीण भाग गाठलेला असतो.

डोके शिरताना तोंड बहुतेक वेळा आईच्या एका कुशीकडे, किंवा थोडे तिरके असते. हे १७४२ साली डब्लिनच्या फिल्डिंग ओल्ड या वैद्याने लिहिण्यापूर्वी युरोपातल्या पुस्तकांत बाळ सरळ आईच्या पाठीकडे तोंड करून येते असेच मानले जाई. पुढच्या वर्णनासाठी आपण असे समजू, की आपल्या बाळाचे तोंड आईच्या उजव्या बाजूला आणि पाठीकडे तिरके आहे, आणि डोक्याची मागची बाजू डावीकडे व पुढे आहे.

कळ येते तेव्हा गर्भाशयाचे वरचे स्नायू आखडतात, आणि कळ ओसरल्यावर ते पूर्ण पूर्वीएवढे सैल होत नाहीत. प्रत्येक कळेगणिक वरचा भाग थोडा जाड व आखूड होत जातो, गर्भाशयाचे तोंड ओढले जाऊन उघडत जाते आणि बाळ खाली ढकलले जाते. गर्भाशयाच्या तोंडाचा व खालच्या स्नायूंचा अडसर लागला की मान आणखी वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. भिजलेला कपडा पिळताना जसा जोर कपड्यात शेवटपर्यंत टिकून राहतो, तसे कळेचे काम पुढच्या कळेपर्यंत राखून ठेवले जाते. म्हणूनच मधली विश्रांती वाया गेलेली नसते.

या पहिल्या अवस्थेला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या शिफारशींनुसार गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून सक्रिय टप्पा धरला जातो, आणि तेथून पूर्ण १० सेंटिमीटर होईपर्यंत पहिलटकरणीला साधारणपणे १२ तासांपर्यंत व नंतरच्या बाळंतपणात १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना ठोकताळा पुष्कळ स्त्रियांना लागू पडत नाही, हेही त्याच शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे. ५ सेंटिमीटरच्या आधीचा काळ तर याहून मोठा असू शकतो, आणि आई व बाळ ठीक असतील, तर तो घरात चालत-फिरत, थोडे खात-पीत घालवावा.

या काळात करायच्या गोष्टी साध्या आहेत. उताणे पडून राहू नये. खोलीत फिरावे, कळ आली की खिडकीच्या कठड्यावर, पलंगाच्या कडेवर किंवा सोबतिणीच्या खांद्यावर पुढे झुकून कंबर डोलवावी. थकल्यावर कुशीवर निजावे आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. उभे राहिल्याने व चालल्याने पहिली अवस्था सरासरी तासाभराने कमी होते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसले आहे. दर दोन तासांनी लघवी करावी, कारण भरलेले मूत्राशय डोक्याच्या नेमके वाटेत येते. दुखण्याच्या भरात हे तिच्या लक्षात राहत नाही, म्हणून ही आठवण सोबतिणीने द्यावी. तांदळाची पेज, नारळपाणी, पातळ ताक, दोन खजूर असे काही घोट-घास घेता येतात. मात्र रुग्णालयात दाखल झाल्यावर डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले असेल, तर ते ऐकावे.

आणि या अवस्थेत जोर लावू नये. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडण्याआधी कुंथले, तर ते डोके आणि हाड यांच्यामध्ये चेपते, सुजते आणि उघडण्याऐवजी अडते. शौचाला लागल्यासारखे वाटू लागले, तर आधी परिचारिकेला सांगून तपासून घ्यावे, आणि ती "अजून थोडे राहिले आहे" म्हणाली, तर गरम चहा निववतो तशी ओठांनी हलकी फुंकर घालत कळ जाऊ द्यावी.

पाठीकडे पाठ असलेले बाळ

काही बाळे डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे ठेवून येतात. अशा वेळी पोटापेक्षा कंबर फार दुखते, कळ ओसरली तरी दुखणे ओसरत नाही आणि प्रसूती लांबते, कारण त्या बाळाला पुढे येण्यासाठी मोठे वळण घ्यावे लागते. त्यांतली बहुसंख्य बाळे हे वळण स्वतःच घेतात. थोडीच तशीच, छताकडे तोंड करून जन्मतात.

मला एक रात्र आठवते. ६ सेंटिमीटरवर आलेली एक पहिलटकरीण कंबर फुटतेय म्हणून रडत होती, आणि तिची आई उशाशी उभी राहून तिच्याबरोबर रडत होती. आम्ही तिला जमिनीवर चटई व त्यावर गादी घालून हात-गुडघ्यांवर ओणवे केले आणि आईला तिच्या माकडहाडाच्या वर दोन्ही मुठी टेकवून कळेपुरता घट्ट दाब द्यायला शिकवले. त्या बाईंना काहीतरी करायला मिळाले आणि त्यांचे रडणे थांबले. मुलीनेही दोन कळांनंतर सांगितले, "आई, तिथंच. हात काढू नकोस." ओणवे झाल्याने बाळ वळलेच असे मी सांगणार नाही, पण कंबरदुखी सुसह्य होते आणि बाळाला वळायला लागणारा वेळ आईला काढता येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आतले वळण आणि शेवटचा उंबरठा

गर्भाशयाचे तोंड १० सेंटिमीटर उघडले की दुसरी अवस्था सुरू होते. कटिराच्या तळाशी दोन्ही बाजूंनी स्नायूंचा एक पडदा असतो, आणि तो आत व पुढे उतरता, पन्हळीसारखा असतो. मान वाकलेली असल्यामुळे डोक्याची मागची बाजू सर्वांत खाली असते आणि या पन्हळीला प्रथम तीच लागते. प्रत्येक कळेत दाब, प्रत्येक कळेनंतर स्नायूंचा उलट झोल, असे होत होत ती बाजू पुढे, जघनाच्या सांध्याकडे वळते आणि तोंड आईच्या पाठीकडे जाते. आपल्या नमुन्यातले पाव किंवा अर्धपाव वळण ते हेच. खांदे या वेळी तिरकेच राहतात, त्यामुळे मानेला पीळ पडते.

कधी कधी तोंड पूर्ण उघडल्यावर दहा-वीस मिनिटे कळा मंदावतात. बाळाच्या हृदयाचे ठोके चांगले असतील, म्हणजे मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान असतील, तर त्या वेळात आईला निवांत पडू द्यावे. पहिलटकरणीची ही अवस्था सामान्यतः ३ तासांच्या आत आणि नंतरच्या खेपेस २ तासांच्या आत पुरी होते, आणि या काळात ठोके दर ५ मिनिटांनी ऐकले जाणे आवश्यक असते.

जोर कधी लावायचा हे शरीर सांगते. कळ भरात आली की आपोआप कुंथावेसे वाटते, तेवढाच आणि तेव्हाच जोर लावावा. श्वास छातीत कोंडून, दहा आकडे मोजेपर्यंत चेहरा लाल करून कुंथण्याची गरज नाही. आवाज निघत असेल, तर निघू द्यावा. स्थितीच्या बाबतीत, टेबलावर उताणे निजून पाय अडकवणे ही तपासणाऱ्यांच्या सोयीची पद्धत आहे. कुशीवर निजून वरचा पाय सोबतिणीने धरणे, आधार धरून उकिडवे बसणे, किंवा ओणवे होणे, यांपैकी जे तिला सोसवेल ते तिने निवडावे, आणि रुग्णालयात ते चालते का, हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे. शासकीय रुग्णालयांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या "लक्ष्य" कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण जवळ असू देण्यावर भर आहे, हे सांगून विचारले तर संकोच वाटत नाही.

एका गोष्टीविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. बाळ येत नाही म्हणून पोटावर वरून कोपराने किंवा तळहातांनी जोर देण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करीत नाही. वळायला जागा हवी असलेल्या डोक्याला मागून रेटून वळण मिळत नाही. तसे केल्याने गर्भाशय, फासळ्या आणि खालचा भाग यांना इजा होण्याची भीती असते. पुठ्ठा फाटलेला आठवावा. आपल्या माणसाचे पोट कोणी दाबू लागले, तर सोबतिणीने नम्रपणे पण स्पष्टपणे "कृपया पोट दाबू नका, दुसरे काय करता येईल ते सांगा" असे म्हणावे.

यानंतर डोके दिसू लागते. कळेत रुपयाएवढे जावळ दिसते आणि कळ ओसरली की आत जाते. हे पाहून सोबतिणी हताश होतात, पण हे मागे जाणे हिताचे असते. त्या ये-जा करण्यातच कातडी व स्नायू हळूहळू ताणले जातात. एक वेळ अशी येते, की कळ ओसरली तरी डोके मागे सरत नाही. मानेचा खळगा जघनाच्या सांध्याखाली अडकलेला असतो, आणि आता डोके त्या टेकूवर उलगडते: आधी माथा, मग कपाळ, नाक, तोंड आणि शेवटी हनुवटी. येईपर्यंत वाकलेली मान येथे प्रथमच मागे जाते.

या क्षणी आईला आगीची कडी लागल्यासारखी जळजळ होते आणि सगळा जोर लावून मोकळे व्हावेसे वाटते. नेमके येथेच थांबायचे असते. "आता जोर नको" असे सांगितल्यावर तोंड उघडे ठेवून लहान लहान धापा टाकाव्यात, म्हणजे डोके कळेच्या ताकदीने सावकाश निघते आणि फाटणे कमी होते. परिचारिकेने कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ कापड खालच्या भागावर धरले, तर मोठ्या जखमांचा धोका कमी होतो. प्रत्येक पहिलटकरणीला वाट मोठी करण्यासाठी खालच्या भागावर सरसकट छेद द्यावाच लागतो असे नाही. गरज असेल, तेव्हाच तो द्यावा.

हात मागे घेण्याचा क्षण

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. डोके बाहेर आले होते, खाली तोंड केलेले, निळसर-जांभळे, कपाळाला ओले केस चिकटलेले. बाळ तसे लोंबकळलेले पाहून मला भीती वाटली आणि मी ते धरायला दोन्ही हात पुढे केले. माझ्या ज्येष्ठ सिस्टर हळूच म्हणाल्या, "अगं, हात मागे घे. बघ, आता ते वळेल." आम्ही थांबलो. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग कोणीही हात न लावता ते डोके संथपणे आईच्या उजव्या मांडीकडे वळले. पुढे कितीतरी प्रसूती पाहिल्या, पण ते वळण दिसले की आजही माझा श्वास क्षणभर थांबतो.

ही मानेची पीळ उलगडत होती. डोके मोकळे झाल्यावर ते तिरक्या खांद्यांशी पुन्हा सरळ रेषेत येते. त्यानंतर खांदेही खालच्या उभट तोंडाशी जुळवून घेण्यासाठी वळतात, एक खांदा पुढे व एक मागे होतो, आणि त्यांच्याबरोबर डोके आणखी थोडे वळून तोंड थेट मांडीकडे येते. पुढच्या कळेत पुढचा खांदा जघनाच्या सांध्याखालून निसटतो, मग मागचा, आणि बाकीचे शरीर कुशीकडे वाकून क्षणात बाहेर येते. नाळ मानेभोवती असणे हे बरेचदा घडते, आणि ती सैल असली तर सहज सोडवली जाते.

रुग्णालयात पोहोचण्याआधी, गाडीतच बाळ येऊ लागले, तरी सोबतिणीने हेच लक्षात ठेवावे: १०८ ला फोन लावून ठेवावा, डोके ओढू नये, पिळू नये, तळहाताचा नुसता आधार द्यावा आणि पुढच्या कळेची वाट पाहावी. बाळ आले की कोरड्या कापडाने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, दोघांवर पांघरूण घालावे. नाळ कापू नये, वार ओढू नये.

पण वाट पाहण्यालाही मर्यादा असते. पाणी हिरवट किंवा रक्ताळलेले गेले, ताजे रक्त वाहू लागले, बाळाची हालचाल कमी झाली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पाणी जाऊनही कळा नाहीत, तर घरी थांबू नये. पाणी गेल्यावर नाळ खाली आलेली दिसली, तर आईने ताबडतोब गुडघ्यांवर होऊन छाती जमिनीला टेकवावी, कंबर उंच ठेवावी आणि त्याच स्थितीत तिला रुग्णालयात न्यावे.

बाळाचे डोके लांबट दिसते तेव्हा

जन्मल्यावर डोके पुष्कळदा मागे निमुळते दिसते आणि माथ्यावर मऊ सूज असते. वाटेतून येताना कवटीची हाडे शिवणींपाशी एकमेकांवर चढली होती आणि सर्वांत पुढे असलेल्या जागी पाणी साठले होते, त्याच्या या खुणा असतात. सूज एक-दोन दिवसांत उतरते, आकार काही दिवसांत सुधारतो. आपल्याकडे अंघोळ घालणाऱ्या मावशी डोके गोल करण्यासाठी दोन्ही तळहातांनी कवटी चेपतात, कपाळ दाबतात, टाळूवर तेल थापून जोर देतात. हे करू देऊ नये. जी हाडे एवढ्या वाटेत स्वतः सरकली, ती स्वतःच जागेवर जातात. तेल लावायचेच असेल, तर अंगाला लावावे, डोक्यावरून नुसता हात फिरवावा. सूज एकाच बाजूला, शिवणीपाशी अचानक थांबलेली व दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसली, तर ती हाडावरील रक्ताची गाठ असू शकते. तिला जिरायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात कावीळ वाढू शकते, म्हणून ती बालरोगतज्ज्ञांना दाखवावी. तीवर शेक देऊ नये आणि ती सुईने रिकामी करू देऊ नये.